घरजावयाची शुभ जागा

७ एप्रिल १९७९, शनिवार
आजपासून बेसबॉल लीग सुरू, म्हणून ही वहीही सुरू. संकल्प एकच. यंदा बाबांना खरं सांगून टाकायचं.

बाबा म्हणजे सासरे, मोरिवाकी कान्झो. तोमिहामा बंदरात माशाच्या वाटणाच्या भाजलेल्या कांड्या, म्हणजे चिकुवा, विकणारी यांची तिसरी पिढी. मी यांचा घरजावई. लग्नात आडनाव गेलं, टोकियो सुटलं, त्याचं काही वाटत नाही. पण मनातून टोकियो कॉमेट्स काही जात नाहीत. आणि या घरात तोमिहामा हेरॉन्स सोडून दुसऱ्या टीमचं भलं चिंतणं म्हणजे देवघरात चपला घालून शिरणं. चार वर्षं यांचंच खातोय आणि यांच्याच वाइटावर टपलोय. शोभत नाही. आज संध्याकाळी सांगतो.

संध्याकाळ. हेरॉन्स हरले. बाबा गप्प होते. अशा वेळी सांगणं बरं नव्हे.

८ एप्रिल, रविवार
हेरॉन्स जिंकले. बाबा फार खुशीत होते. अशा वेळी तर मुळीच सांगू नये.

२२ एप्रिल, रविवार
कॉमेट्सविरुद्धची मॅच टीव्हीवर. आठव्या इनिंगला कॉमेट्स पुढे गेले आणि मला हसू आवरेना. पोट धरून संडासात पळालो, टॉवेल तोंडात कोंबून मनसोक्त हसून घेतलं. तेवढ्यात बाहेर आरडाओरडा. हेरॉन्सच्या इशिगुरोने होमरन मारली, हेरॉन्स जिंकले. तोंड पाडून बाहेर आलो तर सगळे माझ्याचकडे बघतायत.

बाबा म्हणाले, "हा आत गेला आणि चेंडू मैदानाबाहेर गेला."

सगळे हसले. मीही हसलो. इतकं खोटं हसणं मला जमतं हे माहीत नव्हतं.

१२ मे, शनिवार
आता नियमच झालाय. हेरॉन्स अडचणीत आले की बाबा टीव्हीवरची नजर न काढता म्हणतात, "जुनपेई, जा." मी जातो. गेल्या पाच वेळांपैकी चार वेळा हेरॉन्स वाचले. सासूबाईंनी आत छोटं स्टूल ठेवलंय, उदबत्ती लावलीय. शेजारचे न्हावी कुवाता यांनी आज मला कमरेत वाकून नमस्कार केला. म्हणाले, "जावईबापू, पोट बरं आहे ना? ऑक्टोबरपर्यंत बिघडलेलंच राहू द्या."

तशी ही जागा सोयीची आहे. माझा चेहरा कुणाला दिसत नाही. आत बसून कॉमेट्ससाठी शांतपणे हात जोडता येतात.

पण जेवताना सासूबाईंनी माशाचा सगळ्यात चांगला तुकडा माझ्या ताटलीत वाढला आणि तो घशाखाली उतरेना. चोराला मानाच्या पाटावर बसवून आग्रह चाललाय असं वाटलं. मी नालायक आहे. येत्या रविवारी नक्की सांगणार.

(तुकडा नंतर संपवला. टाकणं वाईट दिसलं असतं.)

९ जून, शनिवार
बायकोने, फुसाएने, पकडलं. म्हणाली, "हेरॉन्स हरले की तुम्ही भाताची तिसरी वाटी घेता."

मी म्हटलं, दुःखात काही माणसांना भूक लागते. ती नुसती बघत राहिली. तिच्या त्या बघण्यापुढे माझा टिकाव लागत नाही. कबूल केलं. ती म्हणाली, मी बाबांना सांगणार नाही, तुमचं तुम्ही सांगा. बायको असावी तर अशी. आता घरात आम्हा दोघांशिवाय कुणाला काही ठाऊक नाही. माझा चेहरा म्हणजे बंद दार आहे, फक्त भाताकडे लक्ष द्यायला हवं. उद्यापासून हरल्यावर एक वाटी, जिंकल्यावर चार.

१० जून, रविवार
हेरॉन्स जिंकले. चार वाट्या खाल्ल्या. पोट खरंच बिघडलं. मॅच संपलेली असताना तीनदा जाऊन आलो. बाबा म्हणाले, "वाया घालवू नकोस."

२० जुलै, शुक्रवार
निम्मा मोसम संपला आणि हेरॉन्स पहिल्या नंबरावर. हे याआधी कधीच झालेलं नाही. बाबा या टीमच्या पहिल्या मॅचला हजर होते, तेव्हा त्यांचे केस काळे होते. टीम पहिली आलेली डोळ्यांनी पाहायची, एवढी एकच त्यांची इच्छा राहिलीय. हे ते बोलत नाहीत, सासूबाई बोलतात.

एकदम सांगण्यापेक्षा हळूहळू सांगावं असं ठरवलं. भट्टीवर चिकुवा फिरवता फिरवता सहज म्हणालो, कॉमेट्सचा पिचरही तसा वाईट नाही. बाबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "नाही. चांगला आहे."

म्हणजे निम्मं तरी सांगून झालं.

१४ ऑगस्ट, मंगळवार
बोनचे दिवस, पितर घरी आलेत. देव्हाऱ्यासमोर सगळे बसलो. बाबांनी घंटा वाजवली आणि पितरांना सांगितलं, "यंदा आपली टीम पहिली येईल असं दिसतंय. आपला मुलगा जुनपेई वेळच्या वेळी आत जातो."

आपला मुलगा म्हणाले. चार वर्षांत पहिल्यांदा. मला मान वर करवेना. सासूबाईंना वाटलं मी भक्तीने वाकलोय. पुढ्यात यांच्या मागच्या पिढ्या धूप हुंगत बसलेल्या, आणि कालच मी आत स्टुलावर बसून यांच्या टीमचं वाटोळं मागितलं होतं. इतकी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

बोन संपला की सांगतो. पितरांसमोर तमाशा नको.

८ सप्टेंबर, शनिवार
विचित्र प्रकार. कॉमेट्स हरले आणि मला काहीच वाटलं नाही. ताप पाहिला, नाही. उकाड्यामुळे असेल. दुपारी मासा वाटताना मी इशिगुरोचं गाणं गुणगुणत होतो असं फुसाए म्हणते. हाताला ठेका लागतो म्हणून. बाकी काही नाही.

२९ सप्टेंबर, शनिवार
आज बाबांनी "जा" म्हणायच्या आधीच उठलो. आत जाऊन हात जोडले, आणि इशिगुरोसाठी जोडले. चुकून झालं असेल म्हणून पुन्हा जोडले. पुन्हा तेच.

लिहून टाकतो. मी फितूर झालो. मला हेरॉन्स जिंकायला हवेत. बाबांचा चेहरा त्या वेळी कसा दिसेल ते पाहायचंय.

याचा एक फायदा आत्ता लक्षात आला. आता सांगण्यासारखं काही उरलंच नाही. सहा महिने धीर धरला तो फुकट गेला नाही. फुसाएला सांगितलं तर ती म्हणाली, "पुरे आता."

१३ ऑक्टोबर, शनिवार
उद्या शेवटची मॅच, टोकियोत, कॉमेट्सशी. जिंकेल तो पहिला. सगळी गल्ली आमच्याकडे टीव्ही बघायला येणार. सासूबाईंनी स्टुलावर नवी उशी शिवली. माझं काम सोपं आहे. बाबा "जा" म्हणाले की जायचं आणि बसायचं. यात चुकण्यासारखं काही नाही.

१४ ऑक्टोबर, रविवार
नववी, म्हणजे शेवटची इनिंग. हेरॉन्स एका रनने पुढे. कॉमेट्सचे दोघे आउट, तिसरा झाला की संपलं, पण दोन धावणारे बेसवर. बाबा म्हणाले, "जुनपेई, जा."

गेलो. कडी लावली. हात जोडले. बाहेर चिडीचूप. अख्ख्या मोसमातला या घराचा प्रत्येक आनंद मी दाराआडून ऐकलाय. आजचा तरी बघावा असं वाटलं. बाबांचा चेहरा, एवढाच. चोरपावलांनी कडी काढली आणि खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो.

पिचरने चेंडू टाकला. तो मागे झेलायला बसलेल्या इशिगुरोच्या डोक्यावरून गेला आणि भिंतीला लागला. कॉमेट्सचे दोन्ही धावणारे होम बेसला पोचले, एका रनने जिंकले. मोसम संपला.

टीव्हीकडे कुणीच बघेना. सगळे माझ्याकडे बघत होते. कुवाता म्हणाले, दोन मिनिटं कळ काढता आली नाही का.

मी म्हणालो, "बाबा, मी आपल्यासाठी बाहेर आलो. आपण जिंकलेलं बघायला."

बाबांनी साकेची बाटली घेतली, माझा पेला काठोकाठ भरला. "अभिनंदन, जुनपेई. तुझी टीम जिंकली."

कधीपासून ठाऊक होतं, असं विचारलं. ते म्हणाले, लग्न ठरवताना तुझ्या काकांनीच सांगितलं होतं. मुलगा निर्व्यसनी आहे, कॉमेट्सचा नाद एवढा एकच दोष आहे.

"मग मला शुभ समजून आत का पाठवत होता?"

"शुभ कोण म्हणालं? ऐन वेळी कॉमेट्सचा माणूस खोलीत नको, म्हणून. तोंडावर 'बाहेर हो' कसं म्हणायचं? जावई आहेस."

मी शपथ घेतली. म्हणालो, सप्टेंबरपासून मी हेरॉन्सचा आहे. फुसाएला विचारा. फुसाएने मान खाली घातली. सगळे हसले, अगदी मायेने हसले, हरलेली माणसं हसतात तसे. बाबांचे डोळे लाल झाले होते, तरी ते उठले. म्हणाले, या घरात दुसऱ्याच्या आनंदात कुणी कमी पडत नाही. सगळ्यांना उभं केलं आणि मला पुढे ढकललं. "तूच म्हण."

कॉमेट्सच्या नावाने मी दोन्ही हात वर करून तीनदा बान्झाय, म्हणजे जयजयकार, म्हणालो. मागून सगळी गल्ली म्हणाली. मला रडू आवरेना.

सासूबाई फुसाएला म्हणाल्या, "बघ, किती आनंद झालाय त्याला."