मगरीकडे पाठ

नदीकाठचा तळ, बोत्स्वाना

प्रिय आई,

गोराताचा नमस्कार. मी बरी आहे, जेवतेही वेळेवर. तुझे गुडघे कसे आहेत? तपकिरी शेळी व्याली का?

अभयारण्यात पाहुण्यांना जीपमधून फिरवायचं काम आता अंगवळणी पडलंय. तुझं सांगणंही पाळते. आपण मगरीच्या कुळातले. कुळाच्या जनावराकडे बघितलं की डोळे येतात. म्हणून नदीवर मी मगरीकडे पाठ करूनच तिची माहिती सांगते. आमचा ड्रायव्हर ओदिरिले चिडवतो, "अगं, सासरा बसलाय का तिथं, तोंड फिरवून उभी राहतेस ती?"

मंगळवारी चहाला थांबलो होतो. एक म्हातारे पाहुणे फोटोच्या नादात पार पाण्यापर्यंत गेले. माझी पाठ तिकडे, मला पत्ताच नाही. ओदिरिले ओरडला तेव्हा मी वळले आणि थेट मगरीच्या डोळ्यांतच बघितलं. आजोबांची कॉलर धरून मागे ओढलं. टोपी तेवढी गेली. ते सुखरूप आहेत, मीही आहे.

उजवा डोळा जरा लाल झालाय. धूळ गेली असेल. इथली नर्स औषध घालते. हे पत्र मात्र दोन्ही डोळे उघडे ठेवून लिहिलंय, तेव्हा रडत बसू नकोस.

कुळाचे नियम मोठ्या काकांना ठाऊक, त्यांना एक विचारशील? चुकून बघितलं तर काय करायचं ते मला माहीत आहे. रोज मुद्दाम बघायचं असेल तर काय करायचं? कारण उद्यापासून मी तिकडे तोंड करूनच उभी राहणार आहे.

आपल्या शेतावर पाऊस पडो.

तुझी,
गोराता