हात वर करेपर्यंत

११ मार्च
आज रुजू झाले. सरोवराकाठचं गाव, वस्ती जेमतेम नऊशे. मोजणीचं कार्यालय म्हणजे रेनो सारेला यांचं गॅरेज. ते एकाहत्तर वर्षांचे आहेत. त्यांच्याकडे पितळी दुर्बीण आणि शाईने लिहिलेल्या एकेचाळीस वह्या; माझ्याकडे ड्रोन आणि लेझर स्कॅनर. सरोवर वितळण्याआधी, बर्फावरून चालता येतंय तोवर, सगळा किनारा मोजून व्हायला हवा. स्कॅनर पाहून त्यांनी विचारलं, हा कॉफी पण करतो का, पोरी? मी म्हटलं, नाही, पण चुकत नाही. ते हसले. काम आवडेल असं वाटतं.

१४ मार्च
रेनोंनी जुनी पद्धत दाखवली. दुर्बिणीमागचा माणूस समोरच्या मोजकाठीवरचा आकडा वाचतो, वहीत लिहितो आणि हात वर करतो. अर्थ : झालं, ये. तोवर काठीवाल्याने हलायचं नाही. त्यांची काठी बत्तीस वर्षं त्यांची बायको आयली धरायची. खानावळीतली डोरिस म्हणाली, आयली अशी ताठ उभी राहायची की खांब समजून कुत्री यायची. चार वर्षांपूर्वी ती बर्फ फुटून बुडाली. ती सापडली नाही, काठीही नाही. हेही डोरिसनेच सांगितलं. रेनोंना मी विचारत नाही.

१९ मार्च
उत्तरेच्या खाडीचं स्कॅनिंग केलं. एका स्कॅनला चार मिनिटं लागतात; तेवढ्यात जे हलतं त्याचा नुसता फराटा उमटतो. स्थिर असतं ते पूर्ण उमटतं. मासे धरणारे दोघे फराटे झाले. त्यांच्यापलीकडे एक आकृती पूर्ण उमटली आहे. शेजारी उभी रेष, तेरा फूट. ड्रोनच्या फोटोत तिथे फक्त बर्फ आहे.

२१ मार्च
यंत्र खाडीच्या दुसऱ्या बाजूला लावलं. आकृती त्याच जागी. सेंटिमीटरचाही फरक नाही. दोन्ही वेळा तोंड यंत्राकडे.
काठी किती फुटांची होती, ते रेनोंना सहज विचारलं. तेरा.

२२ मार्च
त्यांना दाखवलं. दाखवायला नको होतं.
बराच वेळ ते पडद्याला बोट लावून बसले. मग शेवटची वही काढली. शेवटच्या पानावर एक आकडा, ४.३२, खाली कोरं. म्हणाले, "आकडा लिहिला आणि कॉफी ओतायला वळलो. हात वर केलाच नाही. बर्फ कडाडताना तिला ऐकू आलंच असेल. पण हात दिसेपर्यंत ती हलायची नाही."
मी म्हटलं, आता करा हात वर.
"चार वर्षं तिला उभं ठेवलं. आता लांबून हात करू? आणायला जातो."
त्यांनी नेमकी जागा विचारली. मी लिहून दिली.

२५ मार्च
बर्फ करडा पडलाय, वर पाणी. डोरिस म्हणते, शहाणं माणूस आता सरोवरावर जात नाही. गॅरेज उघडंच आहे. रेनो नाहीत.
किनाऱ्यावर पितळी दुर्बीण लावलेली. शेजारी थर्मास, न उघडलेला. पावलं जाताना दिसतात. परतीची नाहीत.

२६ मार्च
शोधपथकाला त्याच जागी बर्फात भोक सापडलं. बाकी काही नाही.
जागा माझ्या अक्षरातली —

२८ मार्च
स्कॅन केला. दोन आकृत्या. एका काठीवर दोघांचे हात.
तोंडं माझ्याकडे.

२९ मार्च, दुपार
स्कॅनर नाही. त्यांची दुर्बीण. स्वच्छ ऊन.
दिसतात. साध्या भिंगातून —
तिचे हात थरथरताहेत. काठी तरीही सरळ.
आकडा ४.३२. वहीत लिहिला.
दुर्बिणीमागे आता मीच. हाताचा अर्थ जा असा नाही. ये असा आहे. मला माहीत आहे. पण तिला अजून किती —

डावा हात वर केला.

काठी खाली आली. ती त्यांच्याकडे बघून हसली, बहुतेक —
निघाले. पाणी हलत नाही —
किनाऱ्याशी थांबतील असं वाट