गार इंजिनाचा आवाज

८ डिसेंबर १९७६
आज पुन्हा धोंडप्पाअज्जा ओरडले! मालकांचे वडील. पहाटे इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसतात, आणि त्याच वेळी मला त्यांच्या खिडकीखाली गाडी चालू करावी लागते. गार इंजिन पहिली दोन-तीन मिनिटं बोंबलणारच. या जपानी गाडीला पिस्टनच नाहीत, आत तिकोनी लोखंड गरगर फिरतं. तापलं की आवाज आपोआप उतरतो. हे सोलापुरात कुणाला सांगायचं? सगळे माझ्यापेक्षा शहाणे!

११ डिसेंबर
गाडी तापत ठेवून मालकांची बॅग आणायला वर गेलो. आलो तर इंजिन बंद — किल्ली कुणीतरी फिरवलेली! गार असताना मध्येच बंद केली की आत पेट्रोल साचतं, मग ती हट्टाला पेटते. चारही प्लग काढून पुसले. मालक, बसवराजअण्णा, घड्याळ बघत उभे. बोलणी मलाच.

१२ डिसेंबर
अज्जांशिवाय दुसरं कोण? नागव्वा म्हणते, जाऊ द्या की. बायको माझी, पण त्यांच्याच घरी भाकऱ्या करते. खाल्ल्या मिठाला जागते!

१७ डिसेंबर
पुन्हा तेच.

२१ डिसेंबर
मालकांची मुंबईची रेल्वे चुकली. लेकीच्या सोयरिकीची बैठक होती तिकडे. गाडी चालूच होईना.
मीही मग सांगून टाकलं, अज्जा किल्ली फिरवतात. मालक संतापले. म्हणाले, पूजेवरून मध्येच उठतील का ते? मला आतच नेलं, अज्जांसमोर. म्हातारा शांतपणे म्हणाला, "तिप्पण्णा, लिंग हातात हाय. म्या किल्लीला हात लावला न्हाय."
मी म्हणालो, खोटं.
चौदा वर्षांची नोकरी. दारातून बाहेर पडायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

४ जानेवारी १९७७
ट्रकच्या गॅरेजात पाने पुसतो. तेही रोज नसतं. आज जेवताना बोललो, लिंग हातात धरून खोटं बोलणाऱ्याचे हात झडतील! नागव्वा ताटावरून उठली. मालकांचा पुळका, दुसरं काय.

६ जानेवारी
नागव्वा आज बोलली. "अज्जा तुमच्या बापाचा उद्धार करायचे. मला ऐकवंना. आवाज थांबला की गप बसायचे. किल्ली मीच फिरवत हुते."
मग त्या दिवशी गप्प का राहिलीस, विचारलं. म्हणाली, माझं बी काम गेलं असतं की.
अज्जांचे पाय धरायला जायचं तर कारण सांगावं लागणार. कारण सांगितलं की हिचंही काम गेलं, आणि चूल आता तिच्यावरच पेटते.
नाही जाणार.