बाबांची करकर

मालगुंड, ता. ९ डिसेंबर १९३४

तीर्थस्वरूप हरिश्चंद्रदादास,
राहीचा साष्टांग नमस्कार, वि. वि. सर्व क्षेम आहे असे लिहायची रीत, म्हणून लिहिले. गेल्या आठवड्यात मी शाळेत शिकवायला गेले होते, आई वाडीत माड शिंपत होती, तेवढ्यात बाबा खाटेवरून घसरले. वाचा गेलेली, उजवा हात लुळा. हाक कशी मारणार? आई येईपर्यंत जमिनीवरच पडून होते. लागले नाही, पण तेव्हापासून आई त्यांना सोडून हलत नाही नि माड सुकताहेत. ज्यांची हाक भर समुद्रात या मचव्यावरून त्या मचव्यावर जायची, ते आपले तांडेल बाबा आता भिंतीकडे तोंड करून निजतात.

तू मुंबईत विजेच्या घंट्या दुरुस्त करतोस. डाव्या बोटाने वाजेल अशी एक मला करायला शिकव. गावात वीज नाही हे ठाऊक आहे. त्यावरून थट्टा नको.

तुझी माया आहे तशी राहो.
राही

मुंबई, ता. १६ डिसेंबर १९३४

चि. राहीस अनेक आशीर्वाद,
थट्टा आवरली आहे. गावी येणाऱ्या भिकाजीबरोबर बॅटरीचे सेल, दोरा गुंडाळलेली तांब्याची तार, करवतीच्या पात्याचा तुकडा नि बटण पाठवतो. जाड खिळा चुलीत लाल कर, राखेतच निवू दे, मग त्यावर तार गुंडाळ. पात्याचे एक टोक फळीला पक्के कर. दुसरे खिळ्याच्या माथ्यासमोर मोकळे, पण जवळ ठेव. पात्याच्या पाठीला स्क्रू टेकव. वीज बटणातून स्क्रूत, स्क्रूतून पात्यात, तिथून तारेत नि परत सेलात गेली पाहिजे. खिळा पाते ओढील, पाते स्क्रूपासून सुटेल, वीज तुटेल. मग खिळा सोडील, पाते पुन्हा स्क्रूला टेकेल. हे इतके भराभर चालते की पाते करकरते. आईला सांग, एवढ्याशा विजेने घर पेटत नाही.

बाबांच्या पायांवर माझे डोके.
हरिश्चंद्र

मालगुंड, ता. ३० डिसेंबर १९३४

तीर्थस्वरूप दादास नमस्कार, वि. वि.
पहिल्यांदा एकदाच टक् झाले नि पाते खिळ्याला चिकटून बसले. सेलाची तार मी स्क्रू सोडून थेट खिळ्याच्या तारेला जोडली होती. ते सुधारले, तरी गप्पच. पात्यावरचा गंज खरवडला, स्क्रू केसभर फिरवला, आणि करकर सुरू झाली. फळी रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर ठोकली. आता आवाज वाडीपर्यंत जातो.

बाबा बटणाला हातच लावीनात. काल त्यांच्या मचव्यावरचे जुने खलाशी धाकूकाका भेटायला आले नि जयगडच्या वादळाची गोष्ट सांगू लागले. सुकाणू आपणच धरले होते, म्हणाले. करकर झाली. काका थांबले, पुन्हा तेच म्हणाले, पुन्हा करकर. शेवटी त्यांनी कबूल केले, की सुकाणू लवू तांडेलांनी, म्हणजे आपल्या बाबांनी, धरले होते, आपण खाली ओकत बसलो होतो. तेव्हा बाबांचे बोट बटणावरून उचलले गेले.

आई वाडीतून धावत आली, काय हवे म्हणून विचारू लागली. बाबांनी तिला, शिंपायला जा, अशी खूण केली. आणि काकांना, पुढे सांग, अशी.

घरच्या सर्वांची आठवण ठेव. सेल आणखी पाठव, बाबा फार बोलू लागले आहेत.
राही