हिवाळ्यातलं तेल

प्रिय मिचिल,

तीन वर्षांत तू माझा एकही फोन उचलला नाहीस, आणि त्यात तुझी काही चूक नाही. म्हणून आता पत्र लिहितेय. सकाळपासून चारदा लिहायला बसले आणि चारदा उठून कोठाराचं कुलूप ओढून पाहून आले. आज उणे अठ्ठेचाळीस आहे, लहान वर्गांना सुट्टी दिलीय, त्यामुळे घरात मी आणि बाबा दोघंच. ते खिडकीशी बसलेत. काचेवर इंचभर बर्फ आहे, बाहेरचं काही दिसत नाही, तरी बघतायत.

लेना नदी यंदा लवकर गोठली. तांबडी घोडी वसंतात व्याली, पण शिंगरू अजून अशक्त आहे. बायबालकाका काठी टेकत रोज चहाला येतात आणि जिभेला अजून लगाम नाही. गेल्या आठवड्यात म्हणाले, "तुयारा, तुझा भाऊ व्लादिवोस्तोकलाच बरा. तिथे बंदुकांनाही पोहायला शिकवतात!" आधी मी हसायचे. त्या दिवशी मला हसू आलं नाही, आणि का ते मलाच कळलं नाही.

तुला आठवतं, माझ्या शाळेच्या पेन्सिली कशा गायब व्हायच्या? पहिली थंडी पडली की बाबा बंदुकीचा बोल्ट आणि त्यातली गोळीवर आदळणारी पिन रॉकेलमध्ये धुवायचे, तेलाचा थेंबही उरणार नाही असं पुसायचे, आणि माझ्या पेन्सिलीतलं शिसं खरवडून त्याचा चुरा चोळायचे. मी रडले की म्हणायचे, "उन्हाळ्यात बंदुकीला तेल पाजायचं, हिवाळ्यात उपाशी ठेवायचं. तेल गोठलं की पिन झोपते, आणि पिन झोपली की अस्वल जागं होतं." बंदूक थंडीत घरात आणायची नाही, उबेला आली की तिला घाम फुटतो, हेही त्यांचंच. सगळा गाव त्यांच्याकडून शिकला.

म्हणून तर शिकारीच्या त्या दिवशी चूक तुझीच, हे सगळ्यांना पटलं. तू व्लादिवोस्तोकच्या नौदलातून नुकताच परतला होतास. तिकडे खाऱ्या हवेत बंदुका तेलात भिजवूनच ठेवतात, हे तूच कौतुकाने सांगितलं होतंस. हिवाळ्याची झोप न लागलेलं ते अस्वल बायबालकाकांवर आलं, तू चाप ओढलास आणि नुसता टक् आवाज झाला. कुत्र्यांनी त्याला मागे ओढलं, काकांनी पडल्यापडल्या गोळी घातली, म्हणून ते वाचले. पाय मात्र कायमचा अधू झाला. काका सगळं तिखटमीठ लावून सांगतात. पण एक गोष्ट ते दरवेळी तशीच सांगतात. तू बोल्ट काढलास, हुंगलास, आधी बाबांकडे पाहिलंस आणि मग म्हणालास, "तेल मीच घातलं." त्या आधी पाहण्याचा अर्थ मी कधी विचारला नाही. घरी आल्यावर मी तुला काय बोलले ते तुझ्या लक्षात असेलच. माझ्या तर रोज लक्षात असतं.

आता परवाचं सांगते. शाळेतून आले तर चुलीजवळ तुझी बंदूक, घाम फुटलेली. बाबा उन्हाळी तेलाचा तो लाल झाकणाचा डबा घेऊन बोल्टवर तेल ओतत होते, मायेने, लहान मुलाच्या डोक्यावर थापावं तसं. मला बघून म्हणाले, "ए बाई, मिचिलला उठव. बदकं येतील आता, उशीर नको. त्याची बंदूक तयार आहे." नोव्हेंबरात बदकं! मी हातातून डबा घेतला, आणि त्यांच्या शर्टाची बाही तेलाने काळी झालेली दिसली. मिचिल, असलीच बाही मी तीन वर्षांपूर्वी, शिकारीच्या आदल्या दिवशी धुतली होती. साबणाने निघेना म्हणून बाबांवर ओरडलेही होते. ती बाही माझ्या हातात होती रे, आणि दुसऱ्या दिवशी मी तुला म्हटलं, "पुन्हा तोंड दाखवू नकोस."

तुला तेव्हाच कळलं होतं. गावाला बंदूक शिकवणारा माणूस ऋतू विसरायला लागलाय, हे चारचौघांत कळू नये म्हणून तू निघून गेलास. आणि मी, घरातली थोरली, शिकलेली मास्तरीण, मला काही दिसलं नाही. मला माफ कर, असं लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. बायबालकाकांना खरं सांगायला काल त्यांच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले. ते गुपित तुझं आहे. तू म्हणशील तेव्हाच, तू म्हणशील तसं सांगू.

तुझी बंदूक मी रॉकेलने धुतली, पुसली, पेन्सिल खरवडून चुरा चोळला आणि कोठारात ठेवली. पिन काढून माझ्या खिशात ठेवलीय, कारण बाबा दिवसातून दहा वेळा कुलूप हलवून बघतात. पण हे पत्र बंदुकीसाठी नाही. ते मला "ए बाई" म्हणतात ते रागाने नाही. गेला महिनाभर त्यांना माझं नाव आठवत नाही. तुझं अजून आठवतं. तोवर ये.

तुझीच,
तुयाराताई