मागच्या जिन्याने येऊ नकोस

१७ फेब्रुवारी, सकाळ

ताई,

नमस्कार. इकडे आम्ही सगळे मजेत, तूही बरी असशील. लग्नाची तयारी झोकात चालली आहे, हॉल ऐसपैस आहे. तुझा फोन बंद येतोय म्हणून मामाबरोबर ही चिठ्ठी पाठवते. तुझी ती क्रीमची डबी घे आणि लगेच त्याच्या गाडीत बस. थोड्या वेळाचंच काम आहे. मागच्या जिन्याने वर ये. फोटो सुरू व्हायच्या आत मामा तुला परत सोडेल.

एवढं आईने सांगितलं आणि मी लिहिलं. आता ती फोटोवाल्याची मनधरणी करायला खाली गेली आहे, म्हणून माझं लिहून घेते. अक्षर वेडंवाकडं येतंय, समजून घे.

ताई, मला भीती वाटतेय गं. खूप.

मघाशी फोटोवाला वर आला. माणूस काडीसारखा, आवाज मात्र लाउडस्पीकरचा. मला खिडकीशी बसवलं आणि म्हणाला, "मान वर, हनुवटी खाली, हसा!" हे तिन्ही एकदम कसं करायचं ते त्यालाच ठाऊक. चाचणीचा म्हणून एक फोटो काढला. कॅमेऱ्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग मेकअपवालीला विचारलं, "हे कानाखाली राखाडी काय आलंय?"

तिने पुसलं, परत लावलं. गुलाबी आलं. अजून लावलं, तर परत राखाडी. भिंतीला पुट्टी भरली आणि वरून रंग द्यायचा राहिला की दिसतं ना, तसं. तुला बरोबर कळेल, दिवसभर दुकानात लोकांच्या भिंतींचे रंग जुळवून देतेस तू. शेवटी ती वैतागली. "असल्या डागाला माझ्याकडे शेड नाही. घाम आला की उघडं पडणार, मग मला बोलायचं नाही."

हो, डाग. मलाही आलाय.

पत्रिका वाटून झाल्यावर दिसला. आधी वाटलं टूथपेस्ट लागली असेल, म्हणून लाल होईपर्यंत घासलं. आता शर्टाच्या बटणाएवढा झालाय. आईला दाखवला तर तिने आधी दाराला कडी घातली. कोड हा शब्द तिने तेव्हाही तोंडातून काढला नाही. नुसतं म्हणाली, "कुणाला बोलायचं नाही." तुझ्या गालावरचे, हातावरचे डाग मी इतकी वर्षं बघतेय, मला कधी काही वाटलं नाही. स्वतःच्या कानाखाली दिसला आणि मी आरसाच पालथा घातला. तुला हे सांगायचीसुद्धा लाज वाटते.

माझ्या होणाऱ्या नवऱ्याला काही माहीत नाही. त्याला तर तूही धड माहीत नाहीस. आईने सांगून ठेवलंय, मोठी परदेशी असते, रजा मिळाली नाही. कसला परदेश, चार बसथांब्यांवरचा! आणि तुला सांगितलं, लग्नाला येऊ नकोस, फोटो तासन्‌तास चालतात, तुला अवघडल्यासारखं होईल. तू "बरं" म्हणालीस. मी शेजारी मटार सोलत बसले होते. सोलतच राहिले.

तू डाग झाकायची ती डबी वापरायची सोडलीस आणि आईने तुला पाहुण्यांसमोर बोलावणं सोडलं. आज गंमत बघ, सगळ्या घराची अब्रू त्याच डबीवर आली आहे!

आई खाली गेली, मेकअपवालीही चहाला गेली, तेव्हा मी आरशासमोर एकटीच होते. म्हटलं, आज झाकलं, पण उद्या? उद्या त्याच्या आधी उठून लावायचं. परवाही. पावसात भिजायचं नाही, त्याच्या खांद्यावर डोकं टेकायचं नाही, शर्टाला लागेल. आणि पसरला तर? भिंतीवरच्या फोटोत एक बाई आणि घरात दुसरीच. एक दिवस तो फोटोकडे बघेल, मग माझ्याकडे बघेल. तो चांगला आहे गं, म्हणून तर भीती जास्त. वाईट असता तर गेला उडत म्हटलं असतं.

मी तोंड धुऊन टाकलं, ताई. सगळं. मेकअपवालीने परत येऊन बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मग त्याला फोन केला, "फोटोच्या आधी जरा वर ये." तो हसून म्हणाला, "आत्ताच कंटाळलीस?" मला हसता आलं नाही. तो निघालाय. आईला कळलं की ती आकाशपाताळ एक करेल.

त्याला डाग दाखवणार आहे, आणि तुझ्याबद्दलही सांगणार आहे. डाग आपोआप आला, पण तुला आम्ही लपवलं. ते सांगताना जीभ जास्त अडखळेल. पुढे तो काय म्हणेल, देव जाणे. उठून गेला तर मी काय करणार, ते मला खरंच माहीत नाही.

तेव्हा वरचं आईचं सगळं खोडलंय असं समज. डबी घरीच ठेव. छानसे कपडे घाल आणि पुढच्या दाराने ये. कुणी हटकलं तर सांग, नवरीची मोठी बहीण. लग्न झालं तर फोटोत माझ्या शेजारी तू हवीस. मोडलं तर मला घरी न्यायला तू हवीस. काहीही झालं तरी मामाची गाडी रिकामी परत पाठवू नकोस.

जिन्यात पावलं वाजतायत, त्याचीच असणार. चिठ्ठी खिडकीतून मामाकडे टाकते.

बाबा मला म्हणायचे तेच, सतत तुझ्या मागे फिरणारं,
तुझं शेपूट