नखावरची टिकली

सोमवार, संध्याकाळ

आज गौरीने कागद सरळ कापला. आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण तासभरच टिकला.

दिवाळीच्या आधीपासून तिच्यामागे लागले होते. अंगणवाडीतली बाकीची पोरं कात्री चालवायला लागली. हिचा अंगठा मात्र सारखा खाली वळायचा आणि कागद पात्यांत नुसता दुमडायचा. शेवटी आज माझ्या पाकिटातली टिकली तिच्या अंगठ्याच्या नखावर लावली. म्हटलं, "टिकली आभाळाकडं बघायला पाहिजे बरं का." तेवढं पुरलं. पट्टी कापली जाऊन खाली पडली. "बाई, कापला!" केवढ्यानं ओरडली!

दुपारी तिची आई न्यायला आली. उद्या पहाटे टोळी ऊसतोडीला निघणार, गौरीही जाणार. मी ती बोथट टोकाची कात्रीच पुढे केली. "घेऊन जा. रोज थोडं कापू दे तिला."

"नको बाई. ट्रकात लई बारकी पोरं असत्यात. कुनाच्या डोळ्यात गेली म्हंजी?"

तिचं बरोबरच होतं. गौरी टिकली दाखवत होती, पण आईला घाई होती.

टोळी परतेल तेव्हा उन्हाळा संपत आलेला असेल आणि हात सगळं विसरलेला असेल. दर वर्षी असंच होतं, तरी शिकवते. का शिकवते? दुसरं काही येत नाही म्हणून? टोळीतल्या धाकट्या पोरांना निदान पुन्हा पहिल्यापासून शिकवता येतं. गौरी तर जूनमध्ये पहिलीत जाईल. माझ्याकडे परत बसणार नाही.